सौन्याचं कुलूप

पेल्टोला गावात सौन्याला कुणी कुलूप लावत नाही. घराला लावतील, ट्रकला लावतील, बंदुकांच्या कपाटाला तर लावतातच. पण परसातल्या सौन्याचं, त्या वाफेच्या न्हाणीघराचं, दार म्हणजे एक लाकडी खिट्टी आणि ती उचलणारा हात. शनिवारी धुराड्यातून धूर निघाला की शेजाऱ्यानं टॉवेल खांद्यावर टाकून यावं, बाकावर बसून घाम गाळावा, कॉफी घ्यावी आणि घरी जावं. बोलावणं नाही, विचारणं नाही. म्हणून आर्वो हाइक्किनेननं आपल्या सौन्याला पितळेचं कुलूप घातलं, तेव्हा आधी त्याचे कान लाल झाले आणि मग चावी फिरली.

कुलूप घालणं त्याला भागच होतं. आर्वो लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, चर्चच्या गायकांत खर्जात गाणारा माणूस. त्याची बायको एल्मा कॅन्सरनं अंथरुणाला खिळली, तिच्या पोटात अन्नाचा कण ठरेना, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं आणि राज्याकडून कार्डं आली. एल्माच्या कार्डावर ‘रुग्ण’, आर्वोच्या कार्डावर ‘सांभाळणारा’. सांभाळायचं काय, तर औषधाचा गांजा. हा शब्द आर्वोच्या ओठांवर कधी आला नाही. तो ‘झाडं’ म्हणायचा. एल्मा दुखण्यातही हसायची. म्हणायची, "बटाट्यांना बटाटे म्हणतोस, मग यांनीच काय पाप केलंय?"

एल्मा गेली. आर्वोनं ठरवलं, आता तळघरातले झाडांचे दिवे उतरवायचे, हे प्रकरण संपलं. आणि त्याच आठवड्यात मार्लिस त्याच्या दारात आली.

मार्लिस म्हणजे चर्चची ऑर्गनवाली. पंचवीस-तीस वर्षं तिची बोटं पुढे आणि आर्वोचा आवाज मागे, अशी त्यांची जोडी. मग तिच्या मज्जातंतूंना आजार जडला. आधी पाय गेले, चाकाची खुर्ची आली, मग बोटं. एकदा आखडली की मूठ अशी वळायची, की नखं तळहातात रुतायची. ती म्हणाली, "एल्मानं मला तिच्या झाडांची फुलं शिजवलेलं लोणी दिलं होतं एकदा. तिनं द्यायला नको होतं, कायद्यानं ते चूकच. पण आर्वो, त्या दिवशी माझी मूठ उघडली. आता माझंही कार्ड आलंय. सांभाळणारा म्हणून तुझं नाव घालू?"

आता या गोष्टीतली मेख नीट ध्यानात घ्यायला हवी. रुग्णाला स्वतः झाडं लावायचा हक्क असतो. पण सांभाळणाऱ्याचं नाव घालून झाडं त्याच्याकडे सोपवली, की रुग्णाच्या घरात एक रोपही चालत नाही. मार्लिसनं आपला हक्क उचलून आर्वोच्या ओंजळीत ठेवला. बदल्यात आर्वोवर आली जबाबदारी: झाडं कुलपात ठेवायची, चावी फक्त आपल्याकडे, मार्लिसचं ते मार्लिसलाच द्यायचं, दुसऱ्या कुणाला चिमूटभरही नाही. यातली एक अट मोडली, तर तो गुन्हेगार आणि मार्लिस उघड्यावर.

आर्वोनं जीव लावून काम केलं. तळघराच्या खोलीत दिवे, वास अडवायला कोळशाच्या गाळणीचा पंखा, दाराला कुलूप. तळघराच्या कुलपाबद्दल कुणी विचारत नाही. तिथे बंदुका असतात असं लोक धरून चालतात. पण कापलेल्या फांद्या वाळवायला तळघर दमट. त्यांना हवा कोरडा, अंधारा, वारा खेळणारा माळा. तसा माळा एकच होता, सौन्याच्या गरम खोलीवरचा. एल्माची आई तिथे सौन्यात अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या टांगायची. आर्वोनं तिथे मार्लिसच्या फांद्या टांगल्या, खालच्या दाराला कुलूप घातलं आणि गावाला सांगितलं, "धुराड्याला भेग पडलीय. पेटवायचं नाही."

पहिली खोटी गोष्ट ही अशी लहान असते. बसायला नुसती पाटाएवढी जागा मागते.

औषध पोचवायचं तेही चोरासारखं. मार्लिसच्या घरासमोरच चर्चच्या पास्टरबाईंचं घर. म्हणून आर्वो संध्याकाळच्या झाकोळात गॅरेजच्या बाजूनं जायचा, कॉफीच्या डब्यात बरणी घालून. मार्लिस ती फुलं लोण्यात शिजवायची आणि निसूच्या गोड पावाला लावून खायची. एकदा म्हणाली, "आर्वो, तू असा येतोस की मलाच वाटतं, आपलं काहीतरी लफडं आहे."

आर्वो हसला नाही.

* * *

नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते आणि दक्षिणेकडून पाहुणे वर येतात. एल्माचा भाऊ वाइनो दर वर्षी यायचा. डेट्रॉइटजवळच्या तुरुंगात जन्मभर पहारेकरी होता. धाडधाड बोलणारा, दिलदार, पण एका गोष्टीत दगड. त्याचा नातू गोळ्यांच्या नादी लागून घरातून गेला होता आणि कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून नशा म्हणून जे जे जगात आहे, ते वाइनोच्या लेखी एकाच गटारातलं पाणी. एल्मा म्हणाली होती, "दादाला तू नको सांगूस. मीच सांगेन, माझ्या पद्धतीनं." ती पद्धत तिच्याबरोबर गेली.

आर्वोचा हिशेब असा, की वाइनो यायच्या आत फांद्या वाळतील, बरण्या भरतील, माळा रिकामा होईल. पण वाइनोला घरी करमेना. तो तीन दिवस आधीच अंगणात उभा राहिला.

"काय रे म्हाताऱ्या, दार उघड! रायफल गारठली, मी पण गारठलो!"

आर्वोनं कॉफी टाकली. वाइनो बोलता बोलता खिडकीशी गेला आणि परसाकडे बघत म्हणाला, "लाकडं फोडून ठेवतो तुझी. पाठीला जरा काम हवं."

लाकडांचा ढीग सौन्याच्या भिंतीला टेकून होता. दारापासून हातभर. वाइनो बूट चढवेपर्यंत आर्वोच्या डोळ्यांसमोर सगळं घडून गेलं: वाइनो कुलूप बघतोय, हसतोय, विचारतोय, ‘सौन्यात सोनं ठेवलंयस की काय?’ आणि आपण उत्तर शोधतोय, कान लाल होताहेत, आणि तुरुंगात जन्म घालवलेला माणूस ते कान वाचतोय.

"थांब, कुऱ्हाड मी आणतो," आर्वो म्हणाला आणि पुढे पळाला. बर्फात पाय घसरत, खिशातली चावी काढली, कुलूप उघडलं, काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. खिट्टी लावली. वाइनो आला तेव्हा दार पेल्टोलातल्या सगळ्या दारांसारखं होतं.

पाहा, कुलूप गुपित राखायला घातलं होतं आणि गुपित राखायलाच काढलं. एकदा ते मार्लिससाठी होतं, एकदा आपल्या अब्रूसाठी. हा फरक आर्वोला तेव्हा कळला नाही असं म्हणवत नाही. कळला होता. कुलूप खिशात मांडीला थंडगार लागत होतं.

* * *

शनिवारी दुपारी चर्चमध्ये तालीम होती. आर्वो गेला, मन लावून गायला. देवापुढे माणूस उघडा असतो, त्याच्यापासून काही लपत नाही, अशा अर्थाचं ते गाणं. खालचा स्वर आर्वोचाच, सगळ्यांना पेलणारा. गाताना त्याला खरंच भरून आलं. मग टोपी घालून तो घराकडे वळला आणि कोपऱ्यावरच थबकला.

सौन्याच्या धुराड्यातून निळा, सरळ, उत्तम धूर वर चालला होता.

वाइनो अंगणात टॉवेल गुंडाळून उभा. छाती लाल, चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. "चढलो मी छपरावर! एकही भेग नाही रे धुराड्याला, लबाडा! लाकडं ओढायचा कंटाळा, म्हणून वर्षभर गावाला थापा? एल्मा असती तर झाडूनं मारलं असतं तुला. तीन तास झाले पेटवून. चल, कपडे काढ!"

सौन्याच्या शेगडीत लाकडं बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीतून घालतात. वाइनोनं तिथूनच पेटवलं होतं. गरम खोलीत डोकावून पिंपात पाणी ओतलं होतं, तेवढंच. माळ्याकडे बघायचं त्याला कारण नव्हतं. शिडी तर आर्वोनंच काढून ठेवली होती.

आर्वोच्या तोंडाशी शब्द आला होता. ‘विझव.’ एक शब्द. पण विझव म्हटलं की का, हे आलं. का आलं की मार्लिस आली, एल्मा आली, कार्डं आली. त्यानं कपडे काढले.

दोघे वरच्या बाकावर बसले. डोक्यावर फळ्या, फळ्यांवर मार्लिसचा हिवाळा. उष्णतेनं फळ्यांच्या फटींतून वास झिरपायला लागला, तिखट, तेलकट, दाट.

वाइनोनं नाक मुरडलं. "हे काय रे? स्कंक शिरलाय, तो घाणेरडा फवारा मारणारा, तुझ्या जमिनीखाली! मेलाय की काय?"

"असेल," आर्वो म्हणाला.

"असेल काय असेल! शेपटी वर करून मेलाय तो!" वाइनो हसून हसून खोकला. "टाक पाणी. वाफेनं जाईल वास."

लाकडी पळी आर्वोच्या हाताशी होती. आता इथे कुणी त्याला ढकललं नाही. अंगावर सूत नव्हतं, समोर बायकोचा सख्खा भाऊ होता, आणि तरी आर्वो नखशिखांत झाकलेला होता. त्यानं पळी बुडवली आणि तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ फुसकारत उठली, छताला भिडली, फटींतून वर गेली.

"आणखी एक," वाइनो म्हणाला.

आर्वोनं आणखी एक टाकली.

वाइनो घरात जाऊन झोपल्यावर आर्वोनं शिडी लावली. धुराड्याजवळच्या फांद्या करपून गेल्या होत्या, हात लावताच चुरा. बाकीच्यांनी वाफ पिऊन मान टाकली होती. ओल्या, काळपट, दोन दिवसांत बुरशी धरतील अशा. आजारी माणसाला यातलं काहीही देता येणार नव्हतं. त्यानं सगळं पोत्यात भरलं. आणि मग, लाज वाटते सांगायला, पण त्याला पहिली काळजी वाटली ती हीच, की पोतं वाइनोच्या नजरेला पडू नये.

* * *

रविवारी प्रार्थनेच्या आधी तो मार्लिसकडे गेला. गॅरेजच्या बाजूनंच. ती आरशापुढे केसांना पीन लावत होती. दोन्ही हातांनी, हळूहळू, पण लावत होती.

"मार्लिस, वाईट बातमी आहे. झाडांना बुरशी लागली. वाळवताना. सगळंच गेलं."

तिचे हात खाली आले. "सगळं?"

"सगळं."

तिनं ओट्यावरच्या बरणीकडे बघितलं. तळाला थोडंसं होतं. मग तिनं आर्वोकडे बघितलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. "अरे, तू का असा पांढरा पडलास? बुरशीला तू काय करणार? दमट हवा आहे यंदा. बस, कॉफी घे. तू किती करतोस माझ्यासाठी, आणि मी तुला साधं विचारतही नाही, की बाबा, थकलास का?"

शिवी दिली असती तर आर्वोला बसता आलं असतं. तो उभ्या उभ्या म्हणाला, "चर्चला उशीर होईल."

"पुढचं कधी?"

"तळघरात आहेत ती फुलोऱ्यात आलीत. पाच-सहा आठवडे. मग वाळवणं."

"नाताळ जाईल म्हणजे." तिनं बोटं उघडून मिटून पाहिली. "बघू. देवानं आजवर काढलंय."

प्रार्थना झाली. पास्टरबाई बोलल्या ते आर्वोनं ऐकलं नाही. गायचं तेवढं गायला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुरात असूनही बेसूर वाटलं. मग सगळी मंडळी तळमजल्यावर कॉफीला उतरली. लांब टेबलं, निसूच्या पावाच्या फोडी, थोरल्या बायकांचे किटलीवरून टोमणे. मार्लिस आपल्या खुर्चीत, टेबलाच्या टोकाला. तिच्या बाजूला आर्वोचा शेजारी रूडी. आणि मधोमध उभा, हातात कप, वाइनो.

"या माणसानं," वाइनोनं आर्वोच्या पाठीत थाप मारली, "या तुमच्या खर्जानं वर्षभर गावाला सांगितलं धुराड्याला भेग आहे! मी चढून बघतो, तर धुराडं माझ्यापेक्षा धडधाकट!"

"मला पण सांगितलंन," रूडी म्हणाला. "मी शनिवारी घरच्या टबात बसतोय, लहान बाळासारखा."

"ऐक पुढे! काल पेटवला सौना. तापवला असा की दगड बोलायला लागले. आणि वर बसतो, तर काय वास! काय वास! स्कंक! आधी वाटलं खाली, पण नाही, वर! माळ्यावर मेलाय कुठेतरी. मी सांगतो पाणी टाक, हा टाकतो, आणि जितकी वाफ तितका स्कंक! माझे केस अजून..." वाइनोनं डोकं पुढे केलं. "हुंगा, पास्टर, हुंगा!"

टेबल हसून लोळत होतं. पास्टरबाई डोळे पुसत होत्या. आर्वो हसत होता. तोंड आपोआप हसत होतं, त्याला थांबवता येत नव्हतं.

एकटी मार्लिस हसत नव्हती. तिला तो माळा ठाऊक होता. तो वासही. तिनं कप बशीत ठेवला, फार काळजीनं, आवाज होऊ न देता, आणि आर्वोकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता अजून. मोजमाप चाललं होतं: सकाळची बुरशी, कालची वाफ, वर्षभराची भेग. एकेक गोष्ट ती जागेवर ठेवत गेली. सगळं जुळल्यावर तिनं नजर काढून घेतली.

"मला कुणी वर नेईल का?" ती म्हणाली. "रूडी, तू ने."

आर्वो पुढे झाला होता. दर रविवारी तोच न्यायचा.

"रूडी नेईल," ती म्हणाली.

* * *

दुपारी आर्वो तिच्या दाराशी गेला. सवयीनं गॅरेजकडेच वळला आणि तिथलं दार आतून बंद होतं. तो वळसा घालून पुढच्या दाराशी आला, चाकांसाठी बांधलेल्या उतारावर उभा राहिला. समोर पास्टरबाईंची खिडकी. त्याला तिथे उभं ठेवून मार्लिसनं बराच वेळ घेतला. मुद्दाम घेतला की खुर्ची वळेना, कोण जाणे.

"कुलूप होतं ना?" तिनं दार उघडून हाच पहिला प्रश्न विचारला.

"काढलं होतं."

"का?"

"वाइनो आला म्हणून. त्यानं विचारलं असतं."

"आणि पाणी?"

आर्वोनं टोपी काढून हातात घेतली.

"वाइनो म्हणाला, मी सांगतो आणि हा टाकतो. तू टाकलंस?"

"दोनदा," आर्वो म्हणाला.

तिनं आर्वोच्या खांद्यावरून पास्टरबाईंच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले ना या कार्डासाठी, तेव्हा गाडीत बसून रडले होते. ऑर्गनवाली बाई, आणि हे. मग मनाला सांगितलं, आर्वोसारखा माणूस जर माझ्या नावाशेजारी आपलं नाव लावतोय, तर यात लाजण्यासारखं काही नसेल. तुझ्या जिवावर मी लाज सोडली. आणि तू?" तिचा आवाज चढला नाही. "तुला झाडांची लाज नव्हती वाटत. माझी वाटत होती. गॅरेजमधून यायचास, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी विनोद करत बसले."

"माझं नाव काढून टाक, मार्लिस. दुसरा कुणी बघ. तुझा हक्क आहे तो. एक अर्ज पाठवला की झालं."

"माझा हक्क मला माहीत आहे!" आता मात्र ती तडकली. "आणि तुझं नाव काढलं की तळघरातली झाडं कुणाची? कुणाचीच नाहीत! तुला ती त्याच दिवशी तोडावी लागतील. नव्या माणसानं बी लावायचं, ते वाढायचं, फुलायचं... वसंतापर्यंत मी काय करू? बघ, मला तुझ्यावर धड रागवताही येत नाही. एवढं सगळं मी तुझ्या हातात दिलंय."

आर्वोला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तो टोपी हातात धरून उभा होता. खाणीत छत कोसळताना तो उभा राहिला होता, एल्माच्या खड्ड्याशी उभा राहिला होता. पण हे उभं राहणं वेगळं होतं.

"मी काय करू?" त्यानं विचारलं.

"वाइनोला सांग. एल्माचं, माझं, सगळं. आणि यापुढे या दारानं ये. दिवसा. बरणी हातात धरून." ती खुर्ची वळवू लागली. बोटं नीट धरत नव्हती. आर्वो मदतीला वाकला, तर म्हणाली, "राहू दे."

वाइनो परसात हरणाच्या कातड्यावर मीठ चोळत होता. आर्वोनं त्याला उभ्यानं सगळं सांगितलं. गांजा हा शब्द त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला, आणि तो किती लहान शब्द आहे याचं त्याला नवल वाटलं.

वाइनोचे हात थांबले. "एल्मा घेत होती?"

"शेवटचे महिने. त्यामुळे जेवू शकायची."

"मी फोन करायचो तेव्हा म्हणायची, आज सूप प्यायले, आज मासे खाल्ले." वाइनोनं मिठाचा हात विजारीला पुसला. "मला वाटायचं माझ्या प्रार्थनेनं." त्यानं मिठाचं भांडं बाजूला सारलं. "आणि तिला वाटलं, मी... काय वाटलं तिला? मी तिला पकडून देईन?"

"ती सांगणार होती. तिला जमलं नाही."

"आणि तुला?"

वाइनो दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला. ट्रकवर हरीण बांधताना फक्त एवढं म्हणाला, "त्या बाईचं औषध माझ्या हातानं जाळलंस तू. माझ्या हातानं." हात मिळवला, पण खांद्यावर थाप पडली नाही. पुढच्या नोव्हेंबरात येईल की नाही, ते आर्वोला कळलं नाही.

* * *

त्यानंतरचे आठवडे आर्वो रोज मार्लिसकडे जायचा. पुढच्या दारानं. बरणी नव्हती न्यायला, म्हणून लाकडं न्यायचा, बर्फ काढायचा, सूप ठेवायचा. औषध नसताना मार्लिस कशी होते, ते त्यानं आजवर पाहिलं नव्हतं; ते पाहायची वेळ येऊ नये, यासाठीच तर त्याचं नाव कार्डावर होतं. पाय असे उडायचे की खुर्चीची पायफळी खडखडायची. मूठ वळली की ती आवाज करायची नाही, नुसती एका जागी टक लावून बसायची. तेव्हा आर्वो तिच्या तळहातात गुंडाळलेला रुमाल सरकवायचा, नखं रुतू नयेत म्हणून. एवढंच त्याच्या हातात होतं. नाताळच्या प्रार्थनेला ती आली नाही. आर्वो गायला, आणि तिच्या घराच्या दिशेच्या भिंतीकडे बघायचं त्यानं कटाक्षानं टाळलं.

सौन्याला कुलूप पुन्हा लागलं. या वेळी त्यानं ते भरदुपारी लावलं. रूडी कुंपणापलीकडे बर्फ ओढत होता. तो थांबला, फावड्यावर रेलला.

"काय आर्वो, धुराडं तर बरं आहे म्हणे तुझं?"

"बरं आहे."

"मग सौन्याला कुलूप?"

आर्वोचे कान लाल झाले. व्हायचेच होते, ते काही त्याच्या ताब्यात नव्हते. "आत मार्लिसचा गांजा वाळत घालायचाय. औषधाचा. मी तिचा सांभाळणारा आहे. म्हणजे, होतो नीट... आहे."

रूडीनं फावडं या हातातून त्या हातात घेतलं. "नोह, बरं," तो म्हणाला. मग, "म्हणजे शनिवारी मी टबातच बसायचं." आणि पुन्हा बर्फ ओढायला लागला.

जानेवारीत बरणी भरली. आर्वो ती कागदात न गुंडाळता, डब्यात न घालता, उघडी हातात धरून रस्त्यानं गेला. दिवस लख्ख होता. पास्टरबाई पायरीवर मीठ टाकत होत्या. त्यांनी हात केला. आर्वोला हात करायला बरणी काखेत घ्यावी लागली, आणि काखेत घेतल्यावर आपण ती पुन्हा लपवतोय असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं ती परत पुढे धरली.

मार्लिसनं दार उघडलं. बरणी मांडीवर घेतली, झाकण उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग मुकाट्यानं त्याच्यापुढे केली. त्यानं उघडून दिली. तिनं वास घेतला आणि डोळे मिटले.

"चांगलं वाळलंय," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

तो लोणी काढायला फ्रिजशी गेला. दारावर चुंबकाखाली तो अर्ज होता, सांभाळणारा बदलण्याचा. तिनं नोव्हेंबरातच मागवला होता. वरचं नाव-पत्ता तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात भरलेलं, खालची सहीची जागा कोरी. आर्वो रोज येताना तो बघायचा. औषध आलं की ती फाडेल, असं त्याच्या मनानं कुठेतरी धरलं होतं, आणि त्याबद्दलही आता त्याला लाज वाटली.

त्यानं चुंबक सरकू न देता दार हळूच उघडलं, लोणी काढलं आणि मंद आचेवर ठेवलं.